तंबाखूच्या वखारीतला पोपट

आक्का माझं घर सोडून गेली ती एका पोपटापायी, हे निपाणीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते खरंच आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी तिचा पोपट मारायला निघालो होतो असं जे बोललं जातं, ते साफ खोटं आहे. त्या पाखरासाठी मी तीन दिवसांत जेवढा पळालो, तेवढा तंबाखूच्या ऐन हंगामातही कधी पळालो नव्हतो. शिवाय आक्काचा आणि माझा सौदा ठरला होता. तो कोणी पाळला आणि कोणी मोडला, हे मला एकदा लिहून ठेवायचं आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता आणि मी जेमतेम चार वर्षांचा होतो. आम्हा दोघांना तिनंच वाढवलं. पुढं धाकट्यानं शिकावं म्हणून मी मराठी चौथीतून उठलो आणि दुसऱ्याच्या वखारीत तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च भरलेली पोती, पाठीवर घ्यायला लागलो. धाकटा मॅट्रिक झाला, बेळगावच्या एका कचेरीत कारकून लागला, टिळकवाडीत त्यानं बिऱ्हाड केलं. मी हमालीतून दलालीत आलो, दलालीतून स्वतःच्या वखारीपर्यंत आलो. मला कोणी बोट धरून आणलं नाही. जो आला तो माझं बोट वाकवायलाच आला.

आक्का खानापूरकडच्या एका गावात दिली होती. दाजी छातीच्या दुखण्यानं गेले. पोरबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघे भाऊ तिला आणायला गेलो, आणि तिथं ओसरीवरच आमची जुंपली.

धाकटा म्हणाला, "आक्का, माझ्याकडं चल. अण्णाच्या घरात नुसता तंबाखूचा खकाणा असतोय."

मी म्हणालो, "त्याच खकाण्यावर तू शिकलास. फी भरताना वास आला न्हाय व्हय तुला?"

आक्का माझ्याबरोबर आली. एक ट्रंक आणि एक पोपट, एवढंच तिचं सामान.

हा पोपट दाजींनी रानातून आणला होता. वादळात झाड पडलं, त्याच्या ढोलीतून डोळे न उघडलेलं पिल्लू सापडलं, ते दाजींनी हरभऱ्याची डाळ चावून भरवून वाढवलं. तो फारसं बोलत नसे. पण दाजींचा खोकला मात्र त्यानं जसाच्या तसा उचलला होता. दोन आखूड ठसके, एक लांब, मग घसा खाकरणं आणि मग, "च्या हाय का?" माझ्या घरी त्यानं पहिल्यांदा असा खोकला काढला तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास हातातच राहिला. आक्का चुलीपुढून उठली आणि पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. ती रोजच उठायची. दिवसातून दहा वेळा असेल, पण उठायची.

मी त्या पोपटाला कमी काही केलं नाही. बेळगावात सगळी तांबट गल्ली पालथी घालून देवळाच्या कळसासारखा पितळी पिंजरा आणला. दुकानदाराला घाम फोडून आणला. त्यात पोपटाला पंख पसरता येत नव्हते, हे मला दिसलं नाही. मला पितळ दिसलं. बसायला आत एक गुळगुळीत लोखंडी सळई होती. तीही मला छान वाटली.

आमचं घर वखारीला लागून मागे. मधे एक दार. पिंजरा मी त्याच दारात टांगला. कारण सरळ होतं, घरात तो एकटा पडला असता. वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळतात, बोलतात, हसतात, गाणी म्हणतात. पाखराला सोबत हवी असते एवढं मला कळत होतं, आणि त्यात मी चुकलो असंही कोणी म्हटलेलं नाही. चुकलो ते हवेत. चाळणी सुरू झाली की वखारीतली हवा तपकिरी होते. परगावचा माणूस दारात पाऊल टाकतो आणि शिंकत बाहेर पळतो. आम्हाला काही होत नाही. आम्हाला ती हवाच वाटते.

माघ संपत आला, चाळणी जोरात होती. पोपट फुगून बसायला लागला. छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला. एक दिवस मी नीट पाहिलं, पिसांखाली कातडी लाल झाली होती. मी म्हटलं, उवा झाल्या.

आता निपाणीत उवा झाल्यावर काय करतात, हे कुणालाही विचारा. कोंबड्यांना उवा झाल्या, तंबाखू. बैलाला गोचीड लागले, तंबाखूचं पाणी. घोंगडीत कसर लागू नये म्हणून तंबाखूचे देठ. दाढ ठणकली, तंबाखूची चिमूट. आमच्या गावाचं एकच औषध आहे आणि ते आम्ही पिकवतो. आक्का देवळात गेली होती. मी चाळणीखालची सगळ्यात बारीक भुकटी घेतली, पोपटाला पंच्यात धरलं आणि माझ्या हातानं, जपून, पंखांखाली, मानेखाली, छातीवर चोळली. तो चावला. माझ्या अंगठ्यावर ती खूण अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सळईवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. खोकत मात्र होता. लागोपाठ खोकत होता. चाळणीवरच्या बायका हसत होत्या.

"दाजी आज लई च्या मागाय लागल्यात!"

"द्या की वो आक्का, बशीभर!"

आक्का हसली नाही. तिनं पिंजऱ्यात हात घालून त्याला वर उचललं, आणि बोट नाकाशी नेलं.

"ह्याच्या अंगावर काय हाय?"

"औषध."

"कसलं औषध?"

"उवा झालत्या त्याला. जरा भुकटी चोळली."

"तंबाखूची?"

"मग काय हळदीची?"

ती म्हणाली, "तू माणूस हायस का बोद रं? मला बेळगावला नेऊन सोड. आजच्या आज."

माझं डोकं तापलं. पाण्याचा तांब्या होता हाताशी, तो मी अंगणात भिरकावला. बायकांच्या चाळण्या थांबल्या. पण रागावलेला असलो तरी मी सौदा करू शकतो, त्याच्यावरच मी वर आलो. मी तिच्यासमोर मांडी घातली.

"आठ दिवस दे मला. पाखरू बरं केलं तर तू हितंच ऱ्हायचं. मेलं तर मी सोताच तुला टिळकवाडीत सोडतो, एक शबुद बोलणार न्हाय."

"तीन दिवस."

"सहा."

"तीन म्हंजे तीन. मी तुझं गिऱ्हाईक न्हाय."

"बरं, तीन. पण बरं झालं तर ऱ्हायचं. नंतर फिरायचं न्हाय."

"व्हय. बरं झालं तर ऱ्हाते."

एवढं स्पष्ट बोलणं झालं होतं. साक्षीला सगळी वखार होती.

मी पिंजरा उचलला आणि गुरांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं पोपटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "सावकार, मी बैलाच्या पोटात हात घालणारा माणूस. ह्याला हात लावला तर मोडून जाईल." मग त्याला आठवलं की लोंढा स्टेशनाजवळ रेल्वेतला, रुळांचे सांधे बदलणारा एक म्हातारा पॉइंट्समन राहतो, पेन्शनीत निघाल्यापासून पाखरंच सांभाळतो. त्याला दाखवा म्हणाला.

तिथूनच मिळाली त्या पहिल्या मोटारीनं आक्का आणि मी निघालो. पिंजरा माझ्या मांडीवर, वर माझी शाल. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालत. चढ आला की गाडी दमायची, उतरून मागच्या भट्टीत कोळसे ढोसायचे. संकेश्वरला थांबली, हत्तरगीला थांबली, यमकनमर्डीच्या पुढं भर रस्त्यात थांबली. प्रत्येक वेळी मी खाली उतरलो, ड्रायव्हरशी भांडलो, गाडीभोवती फेऱ्या मारल्या, वर चढलो, शाल उचलून पाहिलं, परत उतरलो.

आक्का म्हणाली, "बस की एका जागी."

"बसून मोटार पळती व्हय?"

"फिरून तरी कुठं पळाली?"

दुपारी बेळगाव आलं. धाकट्याकडं जायचा प्रश्नच नव्हता. स्टेशनावर गाडी मिळाली आणि उन्हं कलायच्या आत आम्ही लोंढ्याला उतरलो.

म्हाताऱ्याचं खोपट यार्डाच्या पलीकडं होतं. इंजिनाचा धूर ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला. ती जागा त्यानं मुद्दाम धरली होती, हे मला पुढं कळलं. पडवीत बांबूचे लांबट, रुंद पिंजरे. एका पिंजऱ्यात पंख मोडलेली साळुंकी, एकात मुठीएवढ्या मुनियांचा घोळका, दोन पोपट, एक पारवा. कुठंही घाण नाही, वास नाही. मी सवयीनं पिंजऱ्यांचा भाव करायला लागलो मनातल्या मनात.

आल्या आल्या मी सगळं सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"सावकार, गप उभं ऱ्हावा. तुमी हाललासा की ते श्वास रोखतंय."

गप उभं राहणं मला जमत नाही. जमवलं. तो उकिडवा बसून पिंजऱ्याकडं बघत राहिला, हात न लावता. एक मालगाडी शंटिंग करून गेली तरी तो बघतच होता. मग म्हणाला, "शाल काढा."

"थंडी लागंल त्याला."

"शाल तुमच्या वासाची हाय. काढा." त्यानं नाक ओढलं. "निपाणी का?"

"व्हय."

"तरीच."

तेवढ्यात पोपट खोकला. दोन आखूड, एक लांब. मी म्हणालो, "बघा, ह्यो खोकला. कालपास्नं वाढलाय."

म्हातारा हसला. "ह्यो कुणाचा खोकला?"

आक्का खाली बघून म्हणाली, "आमच्या मालकांचा. गेलं ते."

"मग त्यो त्यांचाच हाय, बाई. पोपटाला आपला खोकला असा नसतो. लई भ्यालं, लई एकटं पडलं की सवयीचं काढत बसतंय. तुमी सगळी खोकल्याकडं ध्यान दिलासा. शेपटीकडं बघा."

आम्ही वाकून पाहिलं. प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत होती, भात्यासारखी.

"दम लागलाय त्याला. कालचा न्हाय, महिन्याचा असंल. पाखराचा रोग आवाजात न्हाय बघायचा. शेपटी बघायची, विष्ठा बघायची, दोन पायांवर बसतंय का एका पायावर ते बघायचं. धड पाखरू एका पायावर निवांत बसतंय."

मी तंबाखू चोळल्याचं सांगितलं. म्हणजे आक्कानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त चुलीवर पाणी ठेवलं.

कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून, पिळून, त्यानं एकेक पीस पुसलं. एकदा पुसून भागलं नाही, चार वेळा पाणी बदललं. चौथं पाणीसुद्धा पिवळसर निघालं. मग उन्हाच्या तिरपीत सुकवला, एका रुंद पिंजऱ्यात ठेवला, तीन बाजू कांबळ्यानं झाकल्या आणि बाहेरून गरम पाण्याचा तांब्या फडक्यात गुंडाळून टेकवला. पोपट तांब्याच्या बाजूला सरकला. तेवढी हालचाल बघून आक्कानं पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, "किती दिवसांत बरा व्हईल?"

"मला काय ठावं."

"तीन दिवसांत व्हायला पायजे. बोली झालीय आमची."

"मग तेला सांगा की."

मी म्हणालो, "तुमचं काय असंल ते सांगा, मी मागं सरणारा न्हाय."

"तुमच्याकडचं कायबी नको. तंबाखू तर नकोच. अंघोळ करून या, मग पेरूच्या फांद्या तोडून आणा. अंगठ्याएवढ्या, जाड-बारीक दोन्ही. सोलू नका."

ज्याच्या वखारीत गावच्या निम्म्या बायका कामाला, तो मी ओढ्यावर अंघोळ करून, त्या म्हाताऱ्याचा धुतलेला पंचा नेसून, पेरूच्या फांद्या तोडत होतो. सळईवर बसून पोपटाच्या तळव्यांना घट्टे पडले होते. फांदी जाड-बारीक असली की पाय कधी उघडतो, कधी मिटतो, घट्टा पडत नाही. शिवाय साल सोलायला मिळते, चोच झिजते, आणि काम असलं की पाखरू स्वतःची पिसं उपटत नाही. हे सगळं मला तिथं कळलं. चहा बंद, आमच्या घरी त्याला बशीतून चहा मिळत असे. फोडणीची मिरची बंद. कोवळं कणीस, भिजवलेला हरभरा, पेरू, कोथिंबिरीची काडी. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. बरं वाटल्यावर पसरट वाडग्यात अंघोळीचं पाणी ठेवायचं, आत जायचं का नाही ते त्याचं त्यानं ठरवायचं. त्याच्यापुढं आरडाओरडा करायचा नाही. हे सांगताना म्हातारा माझ्याकडंच बघत होता.

दुसरा दिवस फार वाईट गेला. पोपट खात नव्हता. मी दर घटकेला कांबळ्याची कड उचलायचो. शेवटी म्हाताऱ्यानं मला स्टेशनावर पिटाळलं. "सावकार, जावा, गाड्या मोजा." मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिलो. गोव्याकडची गाडी आली, गेली. हुबळीची आली, गेली. उद्या हे पाखरू मेलं तर आक्का टिळकवाडीत बसणार, आणि धाकटा जन्मभर म्हणणार, मी सांगितलं होतं. मला आयुष्यात कुणी कधी "मी सांगितलं होतं" म्हणू शकलेलं नाही. मी परत गेलो. परत पिटाळला गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेलो तर पोपट फांदीवर होता. एका पायावर उभा, दुसऱ्या पायात मक्याचा दाणा. शेपटी स्थिर. मी वाकून बराच वेळ पाहिली, स्थिर होती. मग त्यानं दाणा टाकला, घसा खाकरला आणि चहा मागितला. आक्का हसत होती आणि डोळे पुसत होती.

"तीन दिवस झालं," मी म्हणालो. "बरा केला का न्हाय?"

"केलास."

म्हातारा साळुंकीला अळ्या घालत होता. मान न वळवता म्हणाला, "निपाणीला नेलासा तर पंधरा दिवसात हीच गत."

"मधलं दार बंद करतो. माडीवर ठेवतो त्याला."

"वास भिंतीतनं जातोय."

"मग गावात दुसरं घर घेतो, पार दुसऱ्या टोकाला."

"निपाणीत तंबाखू नसलेलं एक घर दावा मला."

मी डोळ्यांसमोर गाव आणलं. गल्ल्या आणल्या, माड्या आणल्या. आमच्याकडं देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा तंबाखू सुकत घातलेला असतो. मला घर सापडलं नाही.

फलाटावर आक्का म्हणाली, "मी बेळगावला उतरते."

"आन सौदा?"

"मोडला."

"वखारीदेखत ठरलाय. तू तीन दिवस म्हनालीस, मी तीन दिवसांत करून दावला. बरं झालं तर ऱ्हाते म्हनालीस."

"म्हनाले. आन आता मोडला. काय करशील? पंच बोलवशील?"

मग मी बोलू नये ते बोललो. "दाजी मेलं ते मेलं. त्यांच्या खोकल्यापायी जित्या भावाला सोडतीस व्हय?"

तिनं पिंजरा खाली ठेवला. बाकावर बसली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही.

"तू बी खोकतोस रं," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्या उठल्या. तुला ऐकू येत न्हाय. मला वर्सभर ऐकू येतंय. एक खोकला मी शेवटपतुर ऐकला. दुसरा त्या घरात बसून ऐकायचा न्हाय मला. पाखराला हवा बदलून दिलीस, बरं वाटलं. तुला कोण देणार? तू तर सौदा करत बसशील."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, पाखरू बी हेच म्हणत होतं. गाडी आली.

बेळगावच्या स्टेशनावर धाकटा घ्यायला आला नव्हता, त्याला काही माहीतच नव्हतं. तिला टिळकवाडीत सोडून मी दारातूनच परतलो. माझी बोली होती, एक शब्द बोलणार नाही. ती बोली पोपट मेला तर होती, तरी मी पाळली.

महिन्याभरानं मी तिला भेटायला गेलो. सामानात कोवळी कणसं होती. पायरीवर पाय ठेवतो तोच आक्का दारात आडवी.

"आदी न्हाणीत जा. डोकं धू. कापडं बाहीर टाक, धाकट्याचा सदरा काढून ठेवलाय."

"हातपाय धुतो."

"हातपाय न्हाय. डोकं, अंग, सदरा, समदं."

"मी पाव्हणा हाय का वखारीतला कामगार?"

"पाखरू आत हाय."

मी कणसं पायरीवर आपटली आणि मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. मोटारीची भट्टी पेटायला अजून बराच वेळ होता. मी अड्ड्याभोवती फेऱ्या मारल्या, एकाशी उगाच भांडलो, आणि परत गेलो. मागच्या न्हाणीत बंब तापवून ठेवलेला होता. धाकट्याचा सदरा मला खांद्यात तंग झाला. तो कचेरीतून आला, मला तसा बघून हसू दाबत आत गेला. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी तो सदरा तिथंच फाडला असता.

मी अजून तंबाखूतच आहे. दुसरा धंदा मला येत नाही. महिन्यातून एकदा टिळकवाडीला जातो, मागच्या दारानं जातो, अंघोळ करतो, मग पुढं येतो. सकाळी उठल्यावर खोकला येतो का, याकडं मी हल्ली लक्ष देतो. येतो. सौदा तू मोडलास, हे मी आक्काच्या तोंडावर दर खेपेला सांगतो.

"व्हय, मोडला," ती म्हणते. "डोकं नीट पूस आदी. पाणी गळतंय."